दोन रेघा, शून्य, दोन रेघा

वामनरावांनी यवतमाळच्या एका सरकारी कचेरीत चौतीस वर्षं टंकलेखन केलं, आणि त्यांच्या हातून गेलेल्या प्रत्येक कागदाच्या शेवटी एक खूण असायची. दोन आडव्या रेघा, मधे शून्य, पुन्हा दोन आडव्या रेघा: --0--. मजकूर इथं संपला, याच्याखाली कुणी काही घुसडलं तर ते या कागदाचं नव्हे, असा तिचा अर्थ. साहेब आले आणि गेले, टंकयंत्र जाऊन संगणक आला, पण वामनरावांची खूण काही सुटली नाही. निवृत्त झाल्यावर तर ती घरात शिरली. किराण्याच्या यादीखाली खूण, दूधवाल्यासाठी दाराला अडकवलेल्या चिठ्ठीखालीही खूण. त्यांच्या पत्नी सुनीतीबाई म्हणायच्या, यांना बोलण्याच्या शेवटीही ती खूण काढता आली पाहिजे, म्हणजे यांचं संपलं केव्हा ते मला कळेल. हे म्हणणं तसं अन्यायाचंच होतं, कारण वामनरावांचं वाक्य संपेपर्यंत थांबण्याची वेळ सुनीतीबाईंनी संसाराच्या सदतीस वर्षांत स्वतःवर फारशी येऊ दिली नव्हती. ते "आज जरा" म्हणाले, की त्या "चहा टाकते" म्हणून उठायच्या. आणि त्यांना चहाच हवा असायचा, त्यामुळे तक्रार तरी कुठे करणार?

ती कापसाची वाईट वर्षं होती. २००६ साल निम्मं सरलं होतं, पेपरात जिल्ह्याचं नाव रोज यायचं आणि चांगल्यासाठी यायचं नाही. बाहेरगावाहून जीपगाड्या भरून लोक यायचे, प्रश्न विचारायचे, माना डोलवायचे आणि संध्याकाळच्या गाडीनं परत जायचे. इथली माणसं अजून पेरतात कशी, निभावतात कशी, हे मात्र कुणी विचारत नव्हतं. घाटंजीच्या एका लहानशा संस्थेनं ते विचारायचं ठरवलं. पुसदपासून वणीपर्यंतची तेवीस माणसं निवडली आणि त्यांचं म्हणणं वेबसाइटवर टाकायचं काम शाल्मलीला दिलं. शाल्मली ही वामनरावांच्या धाकट्या भावाची मुलगी. पुण्यात दोन वर्षं नोकरी करून ती परत आली होती आणि दत्त चौकाजवळ एका खोलीत संगणक मांडून बसली होती. पोरगी हुशार, पण हातात घेतलेलं काम काल व्हायला हवं होतं अशा घाईनं करणारी. मजकूर लिहून घ्यायला आणि टंकायला तिनं काकांना धरलं. काका हो म्हणायच्या आधीच सुनीतीबाई हो म्हणाल्या.

रुक्माबाई त्यांना घाटंजीच्या बाजाराच्या दिवशी भेटल्या. जवळच्या बंजारा तांड्यातल्या, साठीच्या पुढच्या, मनगटापासून कोपरापर्यंत बांगड्या ल्यालेल्या. शाल्मलीनं प्रश्न विचारायच्या आधी त्यांनीच एक विचारला. त्यांचं बोलणं कुणाच्या बोलण्यात मिसळून तर जाणार नाही ना?

मग कारण सांगितलं. तांड्याचे नायक, म्हणजे प्रमुख, डोंगरसिंग हे त्यांच्या नवऱ्याचे थोरले भाऊ, म्हणजे रुक्माबाईंचे भासरे. भासऱ्यासमोर बाईनं पदर ओढायचा आणि तोंड उघडायचं नाही, ही तांड्याची रीत. रुक्माबाईंना काही सुचलं की त्या जावेला सांगत, जाऊ नायकांना सांगे, आणि नायक ते बैठकीत उठून सांगत. माणूस वाईट नव्हता. पण तीन हातांतून गेलेलं बोलणं शेवटी त्यांचं होऊन जाई. पुड्यातल्या विकतच्या बियाण्यामागे सगळा तांडा धावत होता तेव्हा रुक्माबाईंनी धुऱ्याकडेची, म्हणजे बांधालगतची, तीन तासं, तीन ओळी, जुन्या देशी कापसाची ठेवली, सरकी राखेत घोळून मडक्यात जपली, आणि पुढच्या साली बी मागायला आठ घरं त्यांच्या दारी आली. त्यावर मागच्या वर्षी एका सभेत डोंगरसिंगांना शाल-श्रीफळ मिळालं. रुक्माबाई मागं बायकांत बसून टाळ्या वाजवत होत्या.

"मीनं बी वाजवल्या टाळ्या," त्या म्हणाल्या. "पण बाबूजी, एक डाव तरी माह्यं बोलनं माह्यंच राहू द्या."

वामनरावांना हे फार लागलं. त्यांनी वही त्यांच्यासमोर धरली, सगळं लिहून घेतलं, वाचून दाखवलं, आणि खाली सावकाश आपली खूण काढली. ही खूण आली की तुमचं संपलं, हिच्या खालचा एक शब्दही तुमचा नाही आणि हिच्या वरचा एक शब्दही दुसऱ्याचा नाही, हे त्यांनी समजावलं. रुक्माबाईंनी खुणेवरून बोट फिरवलं. त्यांना वाचता येत नव्हतं, पण एवढं त्यांना पक्कं वाचता आलं. डोंगरसिंगांचंही म्हणणं पुढच्या पानावर आलं, कारण तांड्याच्या नायकाला वगळून चालणार नव्हतं. तेवीसपैकी एकोणिसाव्या रुक्माबाई, विसावे डोंगरसिंग. मधे वामनरावांची खूण.

घरी वामनरावांनी सगळा मजकूर एकाच लांबलचक फायलीत टंकला. शाल्मलीनं सांगितलं होतं, दोन माणसांच्या मधे काहीतरी खूण टाका, कोणतीही टाका, मी प्रोग्रामला सांगीन की ती दिसेल तिथं तोड. फोटो आणि नावं वेगळ्या यादीत होती. पहिला तुकडा पहिल्या फोटोखाली, दुसरा दुसऱ्याखाली, असं ते आपोआप बसणार होतं. कोणतीही खूण म्हटल्यावर वामनराव दुसरी कोणती टाकणार होते?

बुधवारी सकाळी शाल्मलीनं प्रोग्राम चालवला आणि तेवीस माणसांचे सहाशे अकरा तुकडे झाले. पहिल्याच फोटोतले देवराव वीस एकराचे धनी, पण त्यांच्या नावाखाली "माझं शेत 2" एवढंच उरलं होतं आणि पुढचं "एकर" शेजारच्या बाईंच्या फोटोखाली जाऊन बसलं होतं. कुठल्याही मोजणीशिवाय माणसाचं अठरा एकर रान गेलं. जिथं शून्य होतं तिथं मजकूर तुटला होता, जिथं जोडरेघ होती तिथंही. शनिवारी घाटंजीला सगळ्यांना बोलावून पडद्यावर पान दाखवायचं होतं. शाल्मलीच्या तोंडचं पाणी पळालं, आणि घाबरलेली माणसं करतात तेच तिनं केलं: जवळच्या माणसावर चिडली. फोन करून म्हणाली, काका, तुमच्या त्या ऑफिसच्या नक्षीनं घोटाळा झाला, पाच-पाच चिन्हांची खूण कुणी टाकतं का, एकच साधी तिरपी रेघ द्या आणि मोकळे व्हा.

नक्षी हा शब्द वामनरावांना बोचला. पण चौतीस वर्षांची सवय, वरून हुकूम आला की अंमल करायचा. त्यांनी बावीस ठिकाणच्या खुणा एकेक करून पुसल्या आणि तिथं तिरपी रेघ दिली. दुपारचं जेवणही धड गेलं नाही. सुनीतीबाईंनी दोनदा विचारलं आणि दोन्ही वेळा उत्तरही स्वतःच देऊन टाकलं: उन्हामुळे होतं असं.

गुरुवारी पान झालं. शाल्मलीनं वरचे दहा फोटो तपासले, देवरावांचे वीस एकर त्यांना परत मिळाले होते, तिचा जीव भांड्यात पडला. तिनं सगळ्या पानाची छापील प्रत काकांकडे पाठवली आणि सोबत चिठ्ठी: आता बघा कसं छान झालं.

वामनरावांच्या कचेरीत कागद असा बघून छान होत नसे. त्याचं कम्पेअरिंग होई. एकानं मूळ कागद मोठ्यानं वाचायचा, दुसऱ्यानं प्रतीवर पट्टी ठेवून ओळीओळीनं सरकायचं. शुक्रवारी सकाळी त्यांनी सुनीतीबाईंना वही दिली, स्वतः पट्टी घेतली आणि दोघं अंगणातल्या बाजेवर बसली. सुनीतीबाई छान वाचत. फक्त पुढचं काय असेल ते आधीच ओळखून वाचत, म्हणून त्यांना अधूनमधून थांबवावं लागे. अठरा माणसं नीट गेली. एकोणिसाव्या रुक्माबाई आल्या.

"सातबारावर माझं नाव नाही, पण बी माझ्याजवळ आहे," सुनीतीबाईंनी वाचलं, आणि पुढं वाचू लागल्या.

वामनरावांची पट्टी थांबली. प्रतीवर रुक्माबाईंच्या नावाखाली एवढंच होतं: "7". बस्स. तिथं त्या संपल्या होत्या. खाली पांढरी जागा, मग पागोटं घातलेल्या डोंगरसिंगांचा फोटो, आणि त्या फोटोखाली: "12 वर माझं नाव नाही, पण बी माझ्याजवळ आहे." तीन तासं, राख, मडकं, आठ घरं, सगळं डोंगरसिंगांच्या नावावर. डोंगरसिंगांचं बोलणं त्यांच्या पुढच्याकडे, त्याचं त्याच्या पुढच्याकडे, आणि सगळ्यांत शेवटच्या, वणीकडच्या उकंडाचं म्हणणं तर पानावरून गायबच. चोविसावा तुकडा, त्याला फोटोच नाही.

 चूक वामनरावांच्या लगेच ध्यानात आली, आणि ती त्यांच्या स्वतःच्या हातची होती. सातबारा ते कायम 7/12 असा टंकायचे. चौतीस वर्षं टंकून टंकून तो त्यांच्या डोळ्याला एक अखंड शब्द झाला होता, त्याच्या मधे तिरपी रेघ आहे हे त्यांना दिसायचंच बंद झालं होतं. दुसऱ्या कुणाच्या बोलण्यात सातबारा आला नव्हता, कारण ज्यांचं नाव त्यावर होतं त्यांना तो सांगायची गरजच पडली नव्हती. तो फक्त रुक्माबाईंनी सांगितला होता, आणि नेमकी तिथंच त्यांची जीभ कापली गेली होती.

"अहो, यात एवढं," सुनीतीबाई म्हणायला लागल्या, पण नवऱ्याचं तोंड बघून त्यांनी वाक्य अर्ध्यावर सोडलं. त्यांनी दुसऱ्याचं नव्हे, स्वतःचं वाक्य अर्ध्यावर सोडलं होतं, हे त्या घरात नवलच होतं. पायात चपला सरकवून त्याही त्यांच्याबरोबर शाल्मलीकडे निघाल्या.

शाल्मलीनं प्रत पाहिली आणि कपाळावर हात मारला. मग म्हणाली, तिरपी रेघ काढू, उभी देऊ. तीही कुठं आली असेल तर तारा देऊ. वामनराव खुर्चीत बसले, घाम पुसला. पुतणीशी ते कधी चढ्या आवाजात बोलत नसत, आत्ताही बोलले नाहीत.

"शाल्मली, एका चिन्हावर भरवसा ठेवू नको. स्वल्पविराम घे, रेघ घे, तारा घे, आज नाही तर उद्या कुणाच्या तरी बोलण्यात तो येणारच. माणसं बोलताना काय वाट्टेल ते बोलतात. दोन माणसांच्या मधे असं काहीतरी पाहिजे, जे कुणीच कधी बोलणार नाही. माझी खूण नक्षी नाही, बाळा. दोन रेघा, शून्य, दोन रेघा असं सगळं एकत्र माणसाच्या तोंडी येत नाही. म्हणून ती लांब आहे."

 चिडायला काही उरलं नाही की शाल्मली खरंच विचार करते, हा तिचा गुण. तिनं आपलाच प्रोग्राम उघडला आणि जी ओळ तीन दिवस नुसती पळवत होती, ती पहिल्यांदा नीट वाचली. ती ओळ तिनं जुन्या कामातून जशीच्या तशी उचलली होती. तिथं तोडायची खूण एकाच चिन्हाची, स्वल्पविरामाची होती, म्हणून तिची खोड कधी उघडी पडली नव्हती. त्या फंक्शनला पाच चिन्हांची खूण दिली की ते तिच्याकडे एक खूण म्हणून बघतच नव्हतं. ते तिला पाच सुट्ट्या खुणा समजत होतं आणि त्यातलं एकही चिन्ह दिसलं की कोयता चालवत होतं. आख्खी खूण एकजीव धरणारं दुसरं फंक्शन त्याच भाषेत होतं. ते तिला कॉलेजपासून माहीत होतं.

"काका, तुमच्या खुणेत काही वाईट नव्हतं," ती म्हणाली. "मीच ती फोडून वाचली. तुम्ही 7/12 एक धरलं आणि यंत्रानं तोडलं, आणि तुमची खूण एक होती तर तीही यंत्रानं तोडली. यंत्राला कुणी सांगायचं होतं? मी."

मग ती हळूच म्हणाली की बुधवारी फोनवर बोलले ते बोलायला नको होतं. वामनरावांनी हवेत हात हलवला. त्यांना रडू येईल की काय असं वाटत होतं आणि पुतणीसमोर ते बरं दिसलं नसतं.

आता प्रश्न पुसलेल्या खुणांचा. त्या पुन्हा बावीस ठिकाणी शोधून घालाव्या लागतील, म्हणून शाल्मली बाह्या सरसावू लागली. तेवढ्यात सुनीतीबाईंनी नवऱ्याच्या खिशातून पेनड्राइव्ह काढून टेबलावर ठेवला. वामनरावांनी आजवर कुठलाही कागद ओसी, म्हणजे कचेरीतली जपायची प्रत, ठेवल्याशिवाय पुढं पाठवला नव्हता. बुधवारी हुकमाचा अंमल करण्याआधीही त्यांनी खुणांसकट फाईल वेगळी ठेवली होती. हे त्यांनी बायकोला सांगितलं नव्हतं. सुनीतीबाईंना सांगावं लागतही नव्हतं. शाल्मलीनं ती फाईल घातली, प्रोग्राममधला एक शब्द बदलला आणि तो चालवला. तेवीस तुकडे. ना एक कमी, ना एक जास्त. तिघांनी पुन्हा पहिल्यापासून कम्पेअरिंग केलं, सातबारा एकोणिसाव्या फोटोखाली आख्खा उभा होता. मग सुनीतीबाईंनी समोरच्या टपरीवरून चहा मागवला.

शनिवारी अकराच्या सुमाराला घाटंजीत संस्थेच्या पत्र्याच्या सभागृहात माणसं जमली. भिंतीवर पांढरी चादर ताणली होती. देवरावांचे वीस एकर आले, लोक हसले, देवरावांनी मिशीवर हात फिरवला. एकोणिसाव्याला रुक्माबाईंचा फोटो आला आणि शाल्मलीनं त्यांचं म्हणणं मोठ्यानं वाचलं. रुक्माबाई बायकांच्या रांगेत पहिल्या बसल्या होत्या. ओढणी खाली ओढलेली, कारण पलीकडे पुरुषांत डोंगरसिंग होते. वाचन संपलं.

आणि डोंगरसिंग सवयीनं उठले. गळा साफ केला, पागोटं नीट केलं आणि म्हणाले, "आमच्या रुक्माचं म्हननं असं हाय का..."

वामनराव कोपऱ्यात वही घेऊन बसले होते.  एवढं सगळं करून शेवटी तेच, असं त्यांना वाटलं. तेवढ्यात बांगड्या वाजल्या. रुक्माबाई उभ्या राहिल्या. ओढणी तशीच नाकाखाली, पाठ भासऱ्याकडे, तोंड वामनरावांकडे. रीत त्यांनी मोडली नाही. त्यांनी फक्त बोलायला दुसरा माणूस निवडला.

"बाबूजी, तुमी ते निशान काढलं होतं. दोन रेघा, गोल, दोन रेघा. ते कुठी हाय? मले दिसून नाई राह्यलं."

वामनरावांना खरं सांगावं लागलं. यंत्र त्या खुणेवर तोडतं, आणि तोडून झालं की खूण टाकून देतं. पानावर ती कुणालाच दिसत नाही. तिचं काम झालेलं असतं.  त्यांना स्वतःलाही ते त्या क्षणी पहिल्यांदाच नीट जाणवलं होतं. एवढ्या खटाटोपानं राखलेली खूण, आणि भिंतीवर तिचा मागमूस नाही.

रुक्माबाईंनी चादरीकडे बघितलं.

"मंग यायले कसं समजन," त्या म्हणाल्या, "का माह्यं अजून संपलं नाई म्हनून? लिवा बाबूजी."

आणि त्या बोलल्या. त्यांनी ज्या आठ घरांना बी दिलं त्यांची नावं घेतली, एकेका बाईचं. रुपीबाई, तिची सून, धुऱ्यापलीकडची तिची जाऊ. तीन तासांपैकी एक तास त्या साली रानडुकरांनी खाल्लं होतं तेही सांगितलं. सरकी कोणत्या महिन्यात उन्हाला घालायची आणि मडक्याचं तोंड कशानं लिंपायचं ते सांगितलं. मागच्या साली सभेत नायकांना शाल मिळाली तेव्हा त्यांनाही बरं वाटलं होतं, पण ती शाल थंडीत कुणाच्या अंगावर होती ते सगळ्यांनी बघावं, हेही सांगितलं. बायका हसल्या. डोंगरसिंग उभेच होते. एकदा त्यांचे ओठ हलले, मग त्यांनी ते मिटले, आणि कुणी न सांगता ते खाली बसले. वामनरावांचं पेन चाललं होतं, शेजारी सुनीतीबाई होत्या. मधे रुक्माबाई एक शब्द शोधत बराच वेळ थांबल्या. सुनीतीबाईंना तो शब्द आला होता, वामनरावांना ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. पण त्या तोंडाला पदर लावून बसून राहिल्या. शब्द रुक्माबाईंनीच शोधला.

शेवटी त्यांनी ओढणीचं टोक सारखं केलं आणि वहीकडे बोट केलं.

"आता टाका निशान."

वामनरावांनी दोन रेघा ओढल्या, शून्य काढलं, पुन्हा दोन रेघा ओढल्या आणि वही उचलून सगळ्यांना दिसेल अशी धरली. मग पलीकडून डोंगरसिंग उठले आणि स्वतःचं बोलायला लागले.